थोरल्या पातीचा शोध



श्री पांडुरंगाला, ज्ञानोबा-तुकोबांना आणि दिंडीतल्या सर्व थोरामोठ्यांना दंडवत घालून आम्ही लिहायला बसलो आहोत. आमचं शिक्षण मराठी चौथी. औत आणि वीणा हातात बसली, लेखणी तेवढी बसली नाही. तेव्हा वाचणाऱ्या माउलींनी शुद्धलेखनाकडे न बघता सांगण्याकडे बघावं, एवढी विनंती.

स्मरणिका समितीने आम्हाला दिंडीचा इतिहास लिहा असं सांगितलं होतं. दिंडीचा सगळा इतिहास आमच्यापेक्षा जाणत्या मंडळींनी याच अंकात लिहिला आहे. आम्ही त्यातलं एकच प्रकरण घेतो. शताब्दीनिमित्त देवळात जी दगडी पाटी बसवली, तिच्यावर दिंडी उभी करणाऱ्या घरांची नावं आहेत. आधी यादीत अकरा घरं होती, पाटीवर बारा लागली. हे बारावं घर कसं लागलं, त्याची ही हकीकत. यात आमच्या घराण्याचं बरंच येईल, पण हा आमच्या घराचा पोवाडा नव्हे. म्हणून माणसांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. थोरला आणि धाकटा एवढं म्हटलं की गावातल्या माणसाला कळतं, आणि बाहेरच्याला नावाशी काय करायचं आहे?

गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी जी घरं आहेत, त्यांना सगळे 'तळ्यावरचे' म्हणतात. त्यांचं आडनाव आमचंच. देवही आमचाच, म्हसवडचा सिद्धनाथ. पण आमच्या भावकीत पूर्वीपासून त्यांना भाऊ धरत नव्हते. त्यांच्यात कोणी गेलं तर आम्हाला सुतक नाही, आमच्यात गेलं तर त्यांना नाही. लग्नात त्यांना गावकरी म्हणून बोलावणं, भाऊबंद म्हणून नाही. आमच्या वडिलांच्या वेळची म्हातारी माणसं म्हणायची, ही बाहेरून आलेली माणसं, गावात राहता राहता आपलं आडनाव लागलं. तळ्यावरचे म्हणायचे, आम्ही बाहेरचे नाही, आम्ही थोरली पाती. भांडण कधी झालं नाही. दिंडीत त्यांचा माणूस पिढ्यान् पिढ्या पाण्याची बैलगाडी हाकायचा, पुढे टँकर आला तर टँकरवर बसायचा. टाळ वाजवायचा, पंगतीत बसायचा. मग पाटीचा विषय निघाला आणि त्यांच्यातला एक शिकलेला मुलगा सभेत उठून म्हणाला, "आमच्या पणजोबांचं नाव पाटीवर पाहिजे. दिंडी निघाली तेव्हा ते होते. आणि ते तुमच्या भावकीतले म्हणून होते."

सभा गप्प झाली. हे नुसत्या पाटीचं काम नव्हतं. नाव लावलं तर भावकी कबूल केल्यासारखं होतं. भावकी कबूल केली तर सुतक आलं, कुळाचार आला, आणि ज्याला शेती आहे त्याच्या मनात जमीनही आली. समितीतल्या वडीलधाऱ्यांनी हे काम आमच्यावर टाकलं. कोणी म्हणालं, बुवा एका बाजूचे आहेत. त्यावर दुसरे म्हणाले, ज्याच्या घरचं दुखणं त्यानेच औषध शोधावं. आम्ही विठ्ठलाचं नाव घेऊन होकार दिला.

आता पूर्वज शोधायचे म्हणजे कसे? आमच्या वारकरी पंथात यालाही मोठा आधार आहे. तुकोबारायांचं घराणं आपण विश्वंभरबाबांपासून सांगतो. विश्वंभर, हरी, विठ्ठल, पदाजी, शंकर, कान्होबा, बोल्होबा आणि आठवे तुकोबा. ही नावं आज आपल्या तोंडी आहेत, कारण कोणीतरी ती राखून ठेवली. संतांची चरित्रं लिहिणारे महिपतीबुवा ताहराबादचे कुलकर्णी होते, म्हणजे दफ्तराची सवय असलेला माणूस. आणि नामदेवरायांच्या घरातल्या बायांची नावं, गोणाई, राजाई, लाडाई, ही आपल्याला कोणत्या दफ्तराने दिली नाहीत. संतांच्या घरी अभंग होत होते, त्या अभंगांनी ती राखली. म्हणजे एक वाट कागदाची आणि एक वाट तोंडाची. दोन्ही वाटा चालल्याशिवाय पंढरी दिसत नाही.

आम्ही तोंडाच्या वाटेने सुरुवात केली. याचं कारण साधं आहे. कागद शंभर वर्षं थांबला, तो अजून दोन महिने थांबेल. नव्वदीची म्हातारी थांबेल याची खात्री नाही.

आमची थोरली आत्या माहेरी आली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "आरं बाळा, माझ्या आज्ज्याला भाऊ व्हता थोरला. त्यो मोठ्या दुष्काळात गेला." आम्ही विचारलं, गेला म्हणजे वारला का? ती म्हणाली, "गेला म्हंजे गेला. आमास्नी तेवढंच सांगितल्यालं."

वाचक माउली, या एका शब्दावर आमचं घर सव्वाशे-दीडशे वर्षं उभं होतं. 'गेला'. आपल्या भाषेत गेला म्हणजे वारलाही होतं आणि गाव सोडून गेलाही होतं. ऐकणाऱ्याने आपल्या सोयीचा अर्थ घेतला, आणि पुढच्या पिढीला तोच दिला.

मोठा दुष्काळ म्हणजे 1876-77 सालचा. आमचा माणदेश एरवीही पावसाच्या उताराला, त्यात तो दुष्काळ असा की जनावरं सोडून द्यावी लागली आणि माणसं देशोधडीला लागली. त्या वेळी सरकारने दुष्काळी कामं काढली. म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव आहे ना, तो त्याच दुष्काळात काम म्हणून सुरू झाला. पुढे दहा वर्षांच्या आसपास त्याचं काम चाललं. 'तळ्यावरचे' हे नाव कुठून आलं ते इथे उमगतं.

मग आम्ही तळ्यावरच्यांच्या घरी गेलो. त्यांच्यातली सर्वांत वडील म्हातारी, डोळ्याने अधू, पण बोलणं ठणठणीत. तिने सांगितलेलं असं. थोरला बायको आणि एक लहान मुलगा घेऊन तळ्याच्या कामावर गेला. माती वाहिली. काम संपायच्या आधीच तो पटकीने वारला. बायकोने तिथेच राहून मुलाला वाढवला. मुलगा मोठा झाल्यावर तिला गावाची ओढ लागली आणि दोघं परत आली. म्हातारी म्हणाली, "म्हाराज, ती आली तवा हितं दार लागलेलं व्हतं. दार कुणी लावलं त्ये मी सांगणार न्हाई. मला ठावं न्हाई. पर ती वड्याकडंला ऱ्हायली, पुन्यांदा दार वाजवाय गेली न्हाई."

दोन घरांच्या दोन गोष्टी झाल्या. दोन्ही सांगणारी माणसं खोटं बोलणारी नव्हेत. पण आपल्या बाजूचं असेल ते माणसाला जास्त आठवतं, हे आम्ही कीर्तनात रोज बघतो. दहा जणांना एकच दृष्टांत सांगा, प्रत्येक जण घरी जाऊन आपल्याला लागू पडणारा तेवढाच सांगतो. म्हणून दोघींचं सांगणं वहीत जसंच्या तसं उतरून घेतलं आणि कोणालाही दुसरीचं सांगितलं नाही.

तिसरा साक्षीदार अचानक मिळाला. आत्या एकदा दळणाच्या गोष्टी सांगत होती. तिच्या लहानपणी जात्यावर म्हणायच्या ओव्यांत एक ओवी होती. तिचे शब्द तिला पुरे आठवत नव्हते, पण अर्थ असा की, थोरल्या जावेला तळ्याच्या भरावावर पाटी उचलताना बघितली आणि धाकटीला घास गोड लागेना. आम्ही आत्याला विचारलं, ही ओवी कोणाची? म्हणाली, "आज्जीच्या तोंडची. तिच्या सासूची आसंल." आता विचार करा. तळ्याच्या भरावावरची थोरली जाऊ आमच्या जात्यावर आली कुठून? पुरुषांनी सांगितलं, गेला. बाया मात्र दळता दळता सांगत राहिल्या की ती आहे, अजून माती वाहते आहे. त्या ओवीचा कागद होत नाही, कचेरीत ती चालत नाही. पण आम्हाला तिने कामाला लावलं.

आता हेळव्यांचं सांगतो. तरुण मंडळींना माहीत नसेल. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणारे लोक. ते कर्नाटकाकडचे, बोली कानडी, पण सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर अशा आपल्या भागात त्यांची ठरलेली गावं असतात. पूर्वी बैलावर बसून यायचे आणि तुमच्या दारात तुमचे आजे-पणजे उभे करायचे. काही वर्षांनी एकदा फेरी असते. त्या वेळी घरात नवीन जन्मलेल्यांची नावं चोपड्यात चढवतात आणि धान्य, कपडा, पैसा घेतात. आता ते मोटारसायकलवर येतात, पण चोपडा तोच. आमच्या भागातला हेळवी सुगीनंतर आला तेव्हा त्याला ओसरीवर बसवून चहा दिला आणि म्हटलं, थोरल्या पातीचं वाच. त्याने पान उलटलं आणि विचारलं, "आमच्या बापाला तुमच्या दारात तिकडचं वाचू देत नव्हते. आता वाचू का?" आम्ही वाच म्हणालो. त्याच्या चोपड्यात एका बापाचे दोन मुलगे. थोरल्यापुढे गाव सोडल्याची खूण, त्याखाली एक मुलगा, आणि त्या मुलाखाली आजच्या तळ्यावरच्यांपर्यंत सगळी नावं. हेळवी तळ्यावरच्यांच्या दारातही जात होताच. त्याला दोन्ही दारं एकाच पानावर होती.

पण हेळवी दक्षिणा घेतो, तो दोघांच्या मनासारखं सांगेल असंही कोणी म्हणेल. म्हणून मग कागदाच्या वाटेला लागलो. आमचा एक पुतण्या बरोबर घेतला, कारण अर्ज लिहिणं आणि नकलेची फी भरणं हे त्याला जमतं.

कागद कुठे कुठे असतात ते सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. अलीकडे दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायची मोठी धांदल झाली, त्यामुळे पुष्कळांना ही नावं माहीत झाली आहेत. तलाठ्याकडे सातबारा, आठ-अ आणि फेरफार. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. जमीन कोणाकडून कोणाकडे आणि का गेली ते त्यात असतं, वारस नोंदीत मयताच्या मुलांची नावं असतात. जन्म-मृत्यूची नोंद पूर्वी गाव नमुना चौदाला होत असे, तिलाच आपण कोतवाल बुक म्हणतो. शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यातल्या जन्मतारखेवर फार विसंबू नका, आमच्या वेळी गुरुजींनी निम्म्या वर्गाचा जन्म एक जूनला करून टाकला होता. पण बापाचं नाव आणि धंदा त्यात खरा असतो. भूमी अभिलेख कचेरीत मोजणीच्या वेळचे कागद असतात, प्रतिबुक, शेतवारपत्रक. कोणत्या नंबराला कोण खातेदार होता ते त्यात सापडतं. आणि अजून मागे जायचं तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. मुंबई इलाख्यात हक्कनोंद सुरू झाली ती 1903 सालच्या कायद्याने. गावोगाव ती पोचायला पुढची काही वर्षं गेली. म्हणजे फेरफाराची वही त्याच्या अलीकडचंच बोलते. 1876-77 च्या दुष्काळाचं तिला विचारून उपयोग नाही. आमच्या गावच्या पहिल्या फेरफारात आमची सगळी जमीन धाकट्याच्या मुलांच्या नावावर आहे. तेवढंच बघितलं असतं तर आमच्या भावकीचं म्हणणं खरं ठरून विषय मिटला असता.

पण हक्कनोंदीच्या आधी मोजणी झालेली. आमचा मुलूख सातारच्या गादीखाली होता. 1848 साली गादी खालसा झाली आणि पुढे इंग्रजांची मोजणी आली. ही मोजणीची रीत गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी आधी इंदापूर तालुक्यात बसवली, मग ती सगळीकडे गेली. या मोजणीतल्या जुन्या प्रतिबुकाची नक्कल मिळाली. ती मोडीत. मोडीचं अक्षर म्हणजे हात न उचलता लिहिलेलं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. आमच्या आजोबांना मोडी येत होती, वडिलांना थोडी, आम्हाला अजिबात नाही. तीन पिढ्यांत घरातले सगळे कागद घरातल्याच माणसांना मुके झाले. तालुक्याला एक निवृत्त शिक्षक मोडी वाचतात, त्यांच्याकडे चार खेपा घातल्या. त्यांनी वाचून दाखवलं. ज्या नंबरांत आज आमची विहीर आणि मळा आहे, त्या नंबरांना खातेदार म्हणून नाव होतं थोरल्याचं.

पुतण्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "काका, हा कागद दाखवायचाच का?" आम्ही म्हटलं, लेकरा, घरातला वडील म्हणून थोरल्याचं नाव खात्याला लागतं, एकत्र कुटुंबाची रीतच ती. त्याचा अर्थ सगळी जमीन त्याची असा होत नाही. पण थोरला होता, तो खातेदार होता, आणि पुढच्या कागदात त्याचं नाव मालकाशिवाय पुसलं गेलं, एवढा अर्थ मात्र होतो. कागद मिळाला की तो दाखवायचा. नाहीतर शोधायला निघूच नये.

तरीही एक गाठ राहिली. थोरला होता हे ठरलं. पण ओढ्याकाठी येऊन राहिलेला तरुण त्याचाच मुलगा, हे कशावरून? आपल्याकडे नातवाला आजाचं नाव ठेवतात. त्यामुळे एका आड एक पिढीत तीच नावं फिरून येतात आणि कागदात सापडलेला माणूस आजा की नातू हेच कळत नाही. भावकीतल्या एकाने हीच शंका काढली, आणि शंका खरी होती.

ती गाठ पंढरीत सुटली. कार्तिकीला गेलो तेव्हा आमच्या गावाच्या क्षेत्रोपाध्यांकडे गेलो. आपण पंढरपूरला, नाशिक-त्र्यंबकला, काशीला जातो तेव्हा तिथले उपाध्ये वहीत नाव लिहून घेतात. कोण आलं, कोणत्या गावचं, बाप कोण, आजा कोण, कशासाठी आलं. या वह्या गाववार असतात. म्हणून तिथे जाताना आधी गाव सांगायचं, मग आडनाव. गुरुजींनी जुनी वही काढली. आमच्या पणजोबांच्या पिढीची पानं चाळता चाळता एक नोंद निघाली. चंद्रभागेत अस्थी सोडायला एक बाई आणि तिचा लहान मुलगा आले होते. मुलाचं नाव, मयत बापाचं नाव, आजाचं नाव. आजाचं नाव ते आमच्याच खापरपणजोबांच्या बापाचं. राहणार, तळ्याचं काम. आणि मूळगाव म्हणून आमचं गाव लिहिलेलं.

जिच्यासाठी गावात दार नव्हतं, त्या बाईने चंद्रभागेच्या वाळवंटात उपाध्यांना आपलं गाव सांगितलं ते हेच. मुलगा लहान, नवरा नुकताच गेलेला, हाताला माती वाहून घट्टे. तिने दुसरं गाव सांगितलं असतं तर कोण विचारणार होतं? पण तिने मुलाचं मूळ पांडुरंगाच्या दारात लिहून ठेवलं. तिचं स्वतःचं नाव मात्र त्या नोंदीत नाही. 'मातोश्रीसह' एवढंच आहे. हेळव्याच्या चोपड्यात नाही, फेरफारात नाही, कुठेच नाही. तिच्या सुनेच्या सुनेलाही ते माहीत नव्हतं. सगळे तिला 'तळ्यावरची' म्हणत, तेच नाव पुढे घराला लागलं. आम्ही एवढे कागद धुंडाळले, पण ज्या एका माणसामुळे हा सगळा धागा जुळला, त्याचं नाव मिळालं नाही.

नोंदीत तिथी आणि शक होता. ज्यांना असे कागद बघायचे आहेत त्यांनी हिशेब ध्यानात ठेवावा. शकात 78 मिळवले की इंग्रजी साल येतं. फसली साल असेल तर 590 मिळवायचे, आणि पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन असेल तर 599. महिना बघून एखाद्या वर्षाचा फरक पडतो, कारण फसली आणि सुहूर दोन्ही साल मृगाला पालटतात. आमच्या नोंदीचा हिशेब केला तर तो तलावाचं काम चालू असतानाच्या वर्षांत बसला. म्हातारीने सांगितलेलं तंतोतंत निघालं.

शेवटचा कागद आमच्या दिंडीचाच. दिंडीची सर्वांत जुनी हिशेबाची वही विणेकऱ्यांच्या घरी लाल फडक्यात बांधलेली आहे. तिच्यात पहिल्या वारीला कोणी काय दिलं ते आहे. कोणी ज्वारी, कोणी गूळ, कोणी रोकड. अकरा नावांपुढे पायली आणि रुपये आहेत. बाराव्या नावापुढे धान्य नाही, पैसा नाही. तिथे लिहिलं आहे, 'गाडी बैल व अंगमेहनत'. हे नाव त्या मुलाचं, जो आईबरोबर अस्थी घेऊन गेला होता. तोवर त्याचं वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. नावं मोजणाऱ्यांनी दाणे आणि रुपये असलेलीच ओळ मोजली म्हणून अकरा घरं झाली. वही कधी लपवलेली नव्हती. दर वारीला तिची पूजा होते. हळद-कुंकू वाहायचं आणि बांधून ठेवायची, उघडून वाचायची रीत नव्हती.

माघ दशमीला देवळात सभा झाली. दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसली. आम्ही कीर्तनाला उभे राहतो तसे उभे राहून एकेक कागद वाचला, आत्याची ओवी सांगितली, हेळव्याचं पान सांगितलं. आमच्या बाजूचं काही झाकलं नाही आणि जे कागदात नाही ते लावूनही सांगितलं नाही. दार कोणी लावलं, का लावलं, ते कोणत्या कागदात नाही. दुष्काळातून नुकतं बाहेर पडलेलं घर, चार तोंडं वाढतील याची धास्ती, आणखी काय असेल ते पांडुरंगाला ठाऊक.

वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्या भावकीतले सर्वांत वडील म्हणाले, "जमिनीचं काय?" खरं तर तेच सगळ्यांच्या मनात होतं. तळ्यावरच्यांचा तो शिकलेला मुलगा उठला. म्हणाला, "आम्ही जमीन मागायला आलो नाही. आमची आजी आता फार दिवसांची नाही. तिचं सुतक तुम्ही धरावं आणि पणजोबांचं नाव पाटीवर लागावं. एवढंच." त्याने जमिनीचा विषय तिथे मिटवला. आमच्या मनातून तो मिटलेला नाही, हे इथे लिहून ठेवतो. मळ्यात पाणी धरताना तो नंबर आठवतो. त्याचं काय करायचं ते आमची मुलं आणि त्यांची मुलं एकत्र बसून ठरवतील तेव्हा ठरवतील. निदान कोणाशी बसायचं हे त्यांना आता माहीत आहे.

पाटीवर बारावं नाव लागलं. वहीतल्याच क्रमाने. आणि चैत्रात ती म्हातारी गेली. आमच्या सगळ्या भावकीने दहा दिवस सुतक धरलं. खांदा द्यायला आमच्याकडचे दोघं होते. दहाव्याला आमच्या आत्याला गाडीत घालून नेलं. ती ओढ्याकाठच्या त्या घरात पहिल्यांदाच गेली आणि उंबऱ्यावर हात ठेवून बसून राहिली. बाकी काही बोलली नाही.

आता दोन शब्द तरुण वारकऱ्यांसाठी. पूर्वज शोधायला निघणाऱ्या पुष्कळांना घोड्यावर बसलेला पूर्वज पाहिजे असतो. कोणी पानिपतावर गेलेला, कोणी गडावरचा. असतील, ज्यांच्या घरी असतील त्यांना वंदन. माउलींच्या पालखीचा आजचा सोहळा ज्यांनी बसवला ते आरफळचे हैबतबाबाही शिंदे सरकारच्या दरबारातले मानकरी होते. पण सगळेच घोड्यावर असते तर पायी वारी कोणी केली असती? आमच्या शोधात ना तलवार निघाली ना सनद. मातीची पाटी निघाली. आम्हाला ती पुरे आहे.

म्हणून सांगणं एवढंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. त्यांना साल विचारू नका, साल त्यांना सांगता येणार नाही. प्लेगच्या वेळी की मानमोडीच्या साथीत, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, असं विचारा, मग साल आपोआप निघतं. आजीचं माहेर विचारा, तिच्या आईचं नाव विचारा, आणि ते आधी लिहा, कारण ते दुसरीकडे कुठे सापडणार नाही. देवक कोणतं, कुलदैवत कोणतं, देवाला जाताना वाटेत कोणत्या गावी थांबायची रीत आहे, हे लिहा. त्यात जुन्या गावाचा माग असतो. मग तलाठ्याकडे जा, शाळेत जा, पंढरीत उपाध्यांकडे जा. एक कागद सापडला म्हणून थांबू नका. आम्ही पहिल्या फेरफारावर थांबलो असतो तर एक घर कायमचं बाहेर राहिलं असतं. आणि जे सापडेल ते, आपल्या सोयीचं असो वा नसो, चारचौघांत वाचा.

दिंडीची जुनी वही आता दर वारीला प्रस्थानाच्या आधी उघडून वाचायची, असा ठराव झाला आहे. बारा नावं मोठ्याने वाचायची. बारावं नाव वाचताना 'मातोश्रीसह' असं म्हणायचं, हेही ठरलं. तिचं नाव कोणाला कुठे मिळालं तर विणेकऱ्यांना कळवावं. वहीत तेवढी जागा सोडलेली आहे.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!